बाहेरचा कुणाला म्हणता?

मराठी मुसलमानाला 'बाहेरचा' या शब्दाची चव लहानपणापासून ठाऊक असते. आजा-पणजा याच मातीत दफन असोत, घरात दखनी आणि बाजारात मराठी-कन्नड बोलली जात असो, ताटात ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी असो. शहरात भाड्याचं घर विचारायला गेलं की नाव ऐकून समोरच्याच्या चेहऱ्यावर तो शब्द उमटतोच. त्यामुळे कलेच्या दुनियेत एका मोठ्या गटाला कौतुकानं 'आउटसायडर आर्टिस्ट' म्हणतात हे मी पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मला त्यात कौतुक ऐकू आलं नाही. ओळखीचा आवाज ऐकू आला.

प्रकार असा आहे. ज्यांनी कलाशाळेत शिक्षण घेतलेलं नाही, जे गॅलऱ्यांच्या वर्तुळात वावरत नाहीत, अशांची चित्रं आणि शिल्पं विकणारे खास मेळे भरतात. न्यूयॉर्कचा 'आउटसायडर आर्ट फेअर' १९९३ पासून भरतो. लिलावाच्या बड्या पेढ्या या कलेचे वेगळे लिलाव लावतात. आपल्याकडे दिल्लीचा इंडिया आर्ट फेअर २००८ मध्ये 'इंडिया आर्ट समिट' या नावानं सुरू झाला. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून 'आर्ट मुंबई' भरू लागला. आपल्याकडच्या अशा बाजारात 'आउटसायडर' हा शब्द फारसा चालत नाही. 'आदिवासी', 'लोक', 'स्वयंशिक्षित' हे शब्द चालतात. काम तेच करतात.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. या लोकांची चित्रं जरूर मांडा, विका, भरपूर पैशाला विका. पण 'बाहेरचा' आणि 'स्वयंशिक्षित' हे दोन्ही शब्द खोटे आहेत. त्या खोटेपणाचा फायदा विकणाऱ्याला होतो आणि तोटा चित्र काढणाऱ्याला.

आधी 'बाहेरचा' घेऊ. १९४५ च्या सुमारास ज्याँ द्युबुफे या फ्रेंच चित्रकारानं वेड्यांच्या इस्पितळांतले रुग्ण, कैदी, एकलकोंडी माणसं यांची चित्रं गोळा करायला सुरुवात केली. त्याला त्यानं 'आर्ट ब्रूट' असं नाव दिलं. म्हणजे कच्ची कला, जिच्यावर कुणी पॉलिश केलेलं नाही अशी. पुढे १९७२ मध्ये रॉजर कार्डिनल या इंग्रज अभ्यासकानं याच विषयावर पुस्तक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'आउटसायडर आर्ट'. १९७६ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझान शहरात द्युबुफेच्या संग्रहाचं संग्रहालय उघडलं. द्युबुफेचा हेतू वाईट नव्हता. कलाशाळांच्या साचेबंदपणाला तो कंटाळला होता. पण हे नाव ठेवलं ते आत बसलेल्यांनी. दार कुठे बसवायचं हे घरमालक ठरवतो, तेव्हा उंबऱ्याबाहेर कोण उभं आहे हेही तोच ठरवतो. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही की बाबा, तू स्वतःला काय म्हणवतोस?

आता हा शब्द आपल्या मातीत लावून पाहू. म्हणजे तो किती पोकळ आहे ते कळेल.

मकबूल फिदा हुसेन आपल्याच जिल्ह्यातले, जन्म पंढरपूरचा, १९१५ चा. कलाशाळेची पदवी नाही. मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलं. व्याख्येप्रमाणे हा माणूस 'स्वयंशिक्षित' आणि 'बाहेरचा' ठरायला हवा. पण १९४७ मध्ये सूझा, रझा या मंडळींच्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये ते गेले आणि कायमचे 'आतले' झाले. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री घ्या. तेही कुठल्या कलाशाळेत गेले नाहीत. नाटकाचे पडदे रंगवले, सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांना आपण 'कलामहर्षी बाबूराव पेंटर' म्हणतो. आणि त्याच कोल्हापुरातले अबालाल रहिमान रीतसर मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. रंकाळा आणि कोटीतीर्थ त्यांच्याइतकं कुणी पाहिलं नसेल. तरी आज अबालालांचं नाव शाळेतल्या किती पोरांना ठाऊक आहे? मी विचारून पाहिलंय. वर्गात एकही हात वर येत नाही.

म्हणजे शिकलेला बाहेर राहू शकतो आणि न शिकलेला आत जाऊ शकतो. मग या शब्दाचा शिक्षणाशी संबंध काय? काहीच नाही. तो फक्त एवढंच सांगतो की विकणाऱ्याच्या दुकानापासून तुमचं घर किती लांब आहे. हुसेन यांच्या बाबतीत तर आणखी एक गंमत झाली. गंमत तरी कशी म्हणायची? कलेच्या बाजारात सगळ्यात आतल्या खुर्चीवर बसलेला हा माणूस म्हातारपणी देशाबाहेर गेला, २०१० मध्ये कतारचा नागरिक झाला आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारला. पंढरपूरच्या पोराला 'बाहेरचा' ठरवण्याचं काम मग वेगळ्या लोकांनी केलं. शब्द तोच होता.

आता दुसरा शब्द, 'स्वयंशिक्षित'. हा जास्त गोड आहे, म्हणून जास्त घातक. मी शिक्षक आहे, बी.एड. करून दोन भाषा शिकवतो. मला हा शब्द व्यवसायानंच टोचतो.

डहाणू-तलासरीकडची वारली चित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. उशीच्या अभ्ऱ्यावर, चहाच्या कपावर, सरकारी इमारतींच्या भिंतींवर. ही कला मुळात बायकांची. लग्नघरात सवाशिणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहीत, त्यात पालघट देवी असे. मुलगी आईच्या शेजारी बसून शिके, नवी सून सासूच्या शेजारी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुळकर्णी सरकारी कामातून त्या पाड्यांवर पोचले, बायकांना कागद आणि रंग दिले. तिथेच त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे पुरुष असूनही चित्रं काढत आणि लग्न नसतानाही काढत. पुढे त्यांना १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या 'मॅजिसियाँ द ला तेर' या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रं लागली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते गेले. म्हसे मोठेच होते, त्यात वाद नाही. पण ते 'स्वयंशिक्षित' कसे? ज्या भिंती पाहत ते वाढले, त्या लिहिणाऱ्या बायका त्यांच्या उस्ताद नव्हत्या का? 'स्वयंशिक्षित' लिहिलं की त्या सगळ्या बायका एका फटक्यात पुसल्या जातात.

आमच्या दुधनीकडे वळू. गाव हद्दीवरचं. सोलापूरहून रेल्वेनं निघालात की आमचं स्टेशन लागतं आणि त्यापुढे कर्नाटक. बाजार समितीत तुरीच्या पोत्यांवर सौदे होतात ते कन्नड, मराठी आणि दखनीच्या मिसळीत. या भागात ज्यांनी दुकानांच्या पाट्या लिहिल्या, त्या पेंटरांना दोन-तीन लिप्या हाताखालून जाव्या लागत. मराठीची शिरोरेषा, कन्नडची गोलाई आणि मशिदीच्या कमानीवर नस्तालीक. दोरीला खडू लावून रेघ मारायची, ऑइल पेंटमध्ये टर्पेंटाइन किती घालायचं ते बोटाला कळायला हवं, अक्षराला सावली कुठल्या बाजूनं द्यायची ते उन्हाकडे बघून ठरवायचं. हे सगळं पोरगं चार-पाच वर्षं उस्तादाचे ब्रश धुऊन शिके. कातिबाचं शिक्षण तर आणखी कडक. नस्तालीकमधला अलिफ किती उंच हे कलमाच्या टोकानं टाकलेल्या नुक्त्यांनी मोजतात, तीन नुक्ते. त्यात केसाएवढा फरक पडला तर उस्ताद कागद फाडून टाकी. याला तुम्ही 'न शिकलेला' म्हणणार? कुठल्या पदवीच्या वर्गात एका अक्षरासाठी इतका जीव काढतात ते मला दाखवा.

मग फ्लेक्स आला आणि पेंटरचा ब्रश सुकला. १९९० च्या दशकात इनपेज हे उर्दूचं सॉफ्टवेअर आलं आणि कातिबांची रोजी गेली. चेन्नईचं 'द मुसलमान' हे १९२७ मध्ये सुरू झालेलं उर्दू दैनिक संगणक आल्यानंतरही हातानं लिहिलं जात राहिलं, म्हणून जगभरचे छायाचित्रकार तिथे जाऊन आले. त्या फोटोंखाली बहुतेक वेळा पेपरचं नाव असतं. लिहिणाऱ्या हातांची नावं किती जणांनी वाचली?

म्हणून मी म्हणतो, ज्याचा उस्ताद तुम्हाला मोजायचा नसतो त्याला तुम्ही 'स्वयंशिक्षित' म्हणता. जे. जे. किंवा बडोद्याला शिकलेल्या चित्रकाराच्या माहितीत गुरूंची नावं ओळीनं येतात. आमच्या पेंटरच्या माहितीत येतं, 'उपजत देणगी'. देणगीला फी लागत नाही, पगार लागत नाही, मानही लागत नाही.

याच खोटेपणातून तिसरी गोष्ट निघते. माणसाला उस्ताद नाही, परंपरा नाही, मग विकायचं काय? त्याची दुःखं. म्हसे यांच्याबद्दल कुठेही वाचा, आधी हेच येतं की लहानपणी आई गेली आणि पोरगं बोलेनासं झालं, धुळीत रेघा ओढून सांगू लागलं. गोष्ट हृदयाला भिडते. पण त्यांच्या जाळ्याच्या चित्रात हजारो बारीक रेघा एकमेकींना कशा पेलून धरतात, यावर दोन ओळी शोधाव्या लागतात. अमेरिकेच्या नॅशव्हिलचा विल्यम एडमंडसन हा काळा पाथरवट. आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. तो थडग्यांचे दगड घडवी. १९३७ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये त्याचं एकट्याचं प्रदर्शन लागलं. असा मान मिळालेला तो पहिला काळा कलाकार. १९५१ मध्ये तो वारला. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याचा 'बॉक्सर' ७ लाख ८५ हजार डॉलरला गेला. आणि दुसऱ्यांच्या कबरींवर दगड रोवणाऱ्या या माणसाची स्वतःची कबर नेमकी कुठे आहे याची खूण उरलेली नाही.

आपल्या देशातलं उदाहरण याहून जवळचं आहे. पाटणगढचा गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम. पॅरिसच्या त्याच १९८९ च्या प्रदर्शनात म्हसे यांच्याबरोबर होता. २००१ मध्ये जपानच्या मिथिला म्युझियममध्ये चित्रं काढायला गेलेला असताना त्यानं तिथेच आत्महत्या केली. वय चाळिशीच्याही आत. त्यानंतर देशभर प्रश्न विचारले गेले की अशा कलाकारांना कुठल्या करारावर, किती पैशांवर नेलं जातं आणि त्यांच्या बाजूनं तो करार वाचतं कोण. प्रश्न विचारले गेले, मग विरले.

आता यावर येणारा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. "सर, मेळे नसते तर यांना कुणी विचारलं तरी असतं का? चार पैसे मिळतात, नाव होतं, पोरं शिकतात. तुम्ही शब्दांवरून भांडत बसलात." खरं आहे, पैसे मिळतात. म्हसे यांची मुलंही पुढे चित्रकार झाली. गरिबाच्या घरात आलेला पैसा मी कमी लेखणार नाही. पण दया दाखवल्याशिवाय पैसा मिळूच शकत नाही, हे मला मान्य नाही. कारण दुसरी वाट आपल्याच देशात दाखवून झालेली आहे. भोपाळचं भारत भवन १९८२ मध्ये उघडलं. तिथल्या रूपंकर संग्रहालयात चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी शहरी आधुनिक चित्रकार आणि आदिवासी चित्रकार एकाच छताखाली आणले. जनगढला पाटणगढहून भोपाळला आणणारेही तेच. त्यांचं म्हणणं साधं होतं. दोघंही आजच चित्रं काढताहेत, म्हणून दोघंही आजचे, दोघंही समकालीन. तिथे 'बाहेर' नावाची खोलीच ठेवलेली नव्हती. एका सरकारी इमारतीत चाळीस वर्षांपूर्वी हे होऊ शकलं, तर लाखोंची तिकिटं आणि कोट्यवधींचे सौदे होणाऱ्या मेळ्यांना काय अडचण आहे?

शब्दांवरून भांडतोय ते यासाठीच. शब्दावर भाव ठरतो. 'कलाकार' म्हटलं की करार होतो, सही होते, बिल होतं. 'कारागीर' म्हटलं की डझनाचा भाव होतो. आणि 'उपजत प्रतिभा' म्हटलं की शाल-नारळ होतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं कलम ५३अ आलं. मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं आणि किंमत दहा हजारांच्या वर असेल, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या विक्रीत वाटा मागता येतो, जास्तीत जास्त दहा टक्के. पण वाटा मागायला चित्र कुणी, कधी, कितीला विकलं ते कळायला हवं. पाड्यावर रोख पैसे देऊन उचललेल्या चित्राची ना पावती असते ना नोंद. मग दहा वर्षांनी तेच चित्र दिल्लीत वीसपट भावानं गेलं तरी घरच्यांना पत्ता लागत नाही.

शहरवाल्यांवर एवढं बोलल्यावर आपल्या दाराकडेही बोट वळवावं लागेल. आपण तरी काय केलं? मोहल्ल्यात मोहर्रमचे ताबूत बांधणारे हात असतात. कामट्या, रंगीत कागद, पन्नी यांतून मिनार उभा करतात, तो दहा दिवसांत थंडही होतो. बघायला सगळ्या जातीधर्माची माणसं येतात. बांधणाऱ्याचं नाव कुठे लिहून ठेवलंय? मशिदीच्या मेहराबीवर ज्यानं आयत लिहिली त्याचं नाव मुतवल्लींना तरी आठवतं का? चित्र जायज की नाजायज यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्यात मी पडत नाही. पण खत्ताती, नक्काशी, वेलबुट्टी यांवर तर कुणाचा आक्षेप नाही ना? मग घरातलं पोरगं वहीच्या मागच्या पानावर अक्षरं घोटायला लागलं की 'रिकामे धंदे' म्हणून आपण वही हिसकावतो ती कशासाठी? शाळांचीही तीच तऱ्हा. चित्रकलेचा तास गणिताला जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा पोरं देतात त्या दहावीच्या वाढीव गुणांसाठी. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर. ज्याला आपणच आत घेतलं नाही, त्याला उद्या दिल्लीवाल्यानं 'बाहेरचा' म्हणून विकलं तर आपण कुठल्या तोंडानं रागवायचं?

म्हणून माझ्या मागण्या दोन्हीकडे आहेत. मेळेवाल्यांनो, पाटीवर 'स्वयंशिक्षित' लिहायच्या आधी एक प्रश्न विचारा, तू कुणाकडून शिकलास? ते नाव पाटीवर लिहा, मग ती आई असो, सासू असो की पेंटर उस्ताद. आदिवासींसाठी वेगळा कोपरा नको, त्याच भिंतीवर जागा द्या. विक्रीची पावती कलाकाराच्या हातात द्या, त्याला वाचता येईल अशा भाषेत. चित्र पुन्हा विकलं तर त्याचा वाटा त्याला किंवा त्याच्या वारसांना पोचवा. त्याची दुःखं सांगायची की नाही हे त्याचं त्याला ठरवू द्या.

आणि वाचकहो, आपण? आपल्या गावात अजून दोन-चार जुने पेंटर, एखादा कातिब, एखादी पिठानं अंगण लिहिणारी म्हातारी असेल. हाताला कंप सुटलेला असेल. त्यांच्याकडे जा, वही घेऊन जा. नाव लिहा, उस्तादाचं नाव लिहा, उस्तादाच्या उस्तादाचं नाव लिहा, पहिली पाटी कुठल्या दुकानाची लिहिली ते वर्षासकट लिहा. गावात त्यांची एखादी पाटी फ्लेक्सखाली झाकलेली असेल तर फ्लेक्स बाजूला करून फोटो काढा. यंदाच्या सुट्टीत माझ्या नववीच्या वर्गाला मी हाच गृहपाठ दिलाय. मार्क नाहीत म्हणून दोघा-तिघांनी कुरकुर केली. पण ज्या पोराच्या वहीत तीन पिढ्यांच्या उस्तादांची नावं असतील, त्याच्यासमोर कुणी 'हा कलाकार कुठूनही शिकलेला नाही' असं म्हणालं, तर ते पोरगं वही उघडून दाखवेल.